अपघाती अपंगत्व व डॉक्टरचा दाखला

मळणीचे दिवस आले कीं खेडोपाडीं यंत्रांची घरघर सुरू होते, आणि तिच्याबरोबर हातापायांचे अपघातही वाढतात. पूर्वीं बैलांच्या पायांखालीं होणारें काम आज मळणीयंत्र व ट्रॅक्टर करितात. वेग वाढला खरा, पण क्षणभर नजर चुकली तर मनुष्य जन्माचा अधू होतो. अशा प्रसंगीं आधार मिळावा म्हणून सरकारी योजना आहेत, कायदेही आहेत. परंतु तो आधार मिळणें न मिळणें हें बहुधा डॉक्टरच्या चार ओळींवर अवलंबून असतें. आणि त्या ओळी कशा मिळवाव्या हें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आमच्या शेजारच्या एका शेतकरी बंधूंची हकीकत सांगतों. वैरण कापतांना त्यांचा उजवा पंजा कडबाकुट्टींत सांपडला व तो मनगटापासून काढावा लागला. रुग्णालयांत नोंद घेणाऱ्यानें "कसें लागलें?" असें विचारतांच, पोलिसांचें लचांड मागें लागेल या भीतीनें धाकट्या भावानें "घरीं पडला" असें सांगून टाकलें. केसपेपरावर तेंच उतरलें. पुढें पोलीस पाटलांच्या अहवालांत कडबाकुट्टी आणि रुग्णालयाच्या कागदांत घरांतील पडणें असा विसंवाद निघाला, व अर्ज अडकला. डॉक्टरांनीं जुनी नोंद बदलण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता. अखेर शस्त्रक्रियेच्या टिपणांत "जखमेंत वैरणीचे तुकडे" असा उल्लेख सांपडला. त्या आधारें, जखम यंत्राच्या पात्यानें झालेली आहे, असें स्वतंत्र पत्र डॉक्टरांनीं दिलें, तेव्हां काम मार्गीं लागलें. पण मधले आठ महिने त्या घरानें उसनवारीवर काढले. भीतीनें उच्चारलेल्या दोन शब्दांची ती किंमत होय.

पहिल्या दिवसाची नोंद

यावरून पहिला धडा हा कीं, अपघात कसा, कोठें व किती वाजतां झाला हें रुग्णालयांत पहिल्याच वेळीं खरें सांगावें. पोलिसांस कळवावयाचें प्रकरण म्हणून डॉक्टरांनीं नोंद केली तर घाबरूं नये. तीच नोंद पुढें आपली साक्षीदार होते. केसपेपर, क्ष-किरणाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या व घरीं सोडतांना दिलेलें कार्ड हीं सर्व एका पिशवींत जपून ठेवावीं. 2002 सालच्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें डॉक्टरनें दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें ठेवले पाहिजेत, आणि रुग्णानें मागणी केल्यास 72 तासांच्या आंत दिले पाहिजेत. मागणी लेखी करावी व पोंच घ्यावी.

कोणत्या मदतीस कोणता कागद

महाराष्ट्रांत 2023 सालापासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना चालू आहे. वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबांतील आणखी एक व्यक्ति, वय 10 ते 75, यांस तिचा लाभ आहे. अपघातानें दोन हात, दोन पाय वा दोन डोळे निकामी झाल्यास 2 लाख रुपये, व एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांच्या आंत द्यावयाचा असतो. बँकेंत खातें असलेल्या 18 ते 70 वर्षांच्या माणसास, वार्षिक 20 रुपये हप्त्याच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंतही याच रकमा आहेत. तेथें जिल्हा शल्यचिकित्सकांचें अपंगत्वाचें प्रमाणपत्र लागतें.

जखम भरली नाहीं म्हणून अर्ज थांबवूं नये. हातीं असतील त्या कागदांनिशीं मुदतींत अर्ज करावा, पोंच घ्यावी, आणि कायमचें प्रमाणपत्र मागाहून जोडावें.

याहून निराळें प्रमाणपत्र म्हणजे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील. त्यासाठीं स्वावलंबन या संकेतस्थळावर अर्ज करून आपल्या जिल्ह्यांतील नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढें तपासणीस जावें लागतें. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास त्या कायद्यांतील बहुतेक सवलती लागू होतात. सुधारणा होण्याचा संभव असेल तर प्रमाणपत्र तात्पुरतें मिळतें. म्हणून त्यावरील मुदत पाहून ठेवावी. निर्णय मान्य नसल्यास कायद्याच्या 59 व्या कलमान्वयें अपील करतां येतें.

डॉक्टरांकडून काय मागावें

"यांचा हात अधू आहे, मदत मिळावी," एवढ्याच मजकुराचा दाखला फारसा कामाचा नाहीं. मदत द्यावी कीं न द्यावी हें ठरविणें डॉक्टरांचें काम नव्हे. त्यांनीं पाहिलें तें सांगणें हें त्यांचें काम. म्हणून पत्रांत पुढील गोष्टी याव्या अशी नम्रपणें विनंति करावी :

1. रुग्ण प्रथम केव्हां पाहिला व किती दिवस उपचार केले.
2. दुखापतीचें कारण काय सांगितलें गेलें, आणि जखम त्या कारणाशीं जुळते कीं नाहीं.
3. मोजून पाहिलेली स्थिति : कोणतें बोट कोणत्या सांध्यापासून गेलें, मनगट किती अंश वळतें, मुठींत जोर किती उरला.
4. स्थिति आतां कायमची आहे, कीं सुधारेल.
5. कोणतीं कामें मुळींच होणार नाहींत, व कोणतीं थोडा वेळच होतील.

यांतील पांचवी गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन कळत नाहीं. धार काढण्यास, खुरपें धरण्यास, ट्रॅक्टरचें चाक फिरविण्यास किंवा पाठीवर औषधाचा पंप घेऊन फवारण्यास कोणत्या बोटांचा जोर लागतो हें शेतकऱ्यालाच माहीत. म्हणून घरींच एका कागदावर पहांटेपासून रात्रीपर्यंतचीं आपलीं कामें लिहावीं. पूर्वीं तीं कशीं करीत होतां व आतां कोठें अडतां हें त्यापुढें मांडावें, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातीं द्यावा. त्यांत अतिशयोक्ति नसावी. जें काम होतें तें होतें म्हणावें. एक खोटें वाक्य दहा खऱ्या वाक्यांची पत घालवितें. शक्यतों ज्या डॉक्टरांनीं उपचार केले त्यांचेंच पत्र घ्यावें.

टक्का आणि कमाई

शरीराच्या अपंगत्वाचा टक्का व कमाईच्या नुकसानीचा टक्का या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाहनाच्या अपघातांतील भरपाईसंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें 2010 सालीं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालांत हें स्पष्ट केलें. डावा हात गेल्यास सुतार किंवा गाडीचालक यांची जवळ जवळ सर्व कमाई बुडेल, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकूंही शकेल, असें उदाहरण तेथें दिलें आहे. तेव्हां टक्का कमी लिहिला म्हणून डॉक्टरांशीं वाद न घालतां, कामावर झालेला परिणाम पुराव्यानें मांडावा हें बरें.

आपल्या मजुराचा हात

आतां एक गोष्ट आपल्या स्वतःच्या जबाबदारीची. वीज वा इंजिनानें चालणाऱ्या यंत्रानें शेती करतांना आपल्या गड्यास इजा झाली तर कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो, आणि भरपाई मालकावर पडते. त्याच्या परिशिष्टांत अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीची हानि 30 टक्के, चार बोटें गेल्यास 50 टक्के धरली आहे. परिशिष्टांत नसलेल्या इजेचें प्रमाण डॉक्टर ठरवितात. दावा दोन वर्षांच्या आंत करावा लागतो. अशा वेळीं कांहीं मालक गड्यास "घरीं पडलों असें सांग" म्हणून शिकवितात. वर सांगितलेल्या हकीकतींत त्याच दोन शब्दांनीं एक घर आठ महिने अडचणींत पडलें. आपल्या यंत्राखालीं हात गमावलेल्या माणसाच्या तोंडीं ते शब्द घालणें हें पाप होय. त्यास स्वतः रुग्णालयांत न्यावें, खरें लिहवावें, आणि त्याचे कागद त्याच्याच स्वाधीन करावे.

यंत्राच्या तोंडावर झांकण बसविणें व सैल बाह्यांनीं काम न करणें हा पहिला उपाय खराच. तरीही वेळ आली, तर घरांतील एका जाणत्या माणसानें त्याच दिवशीं कागद सांभाळण्याचें काम अंगावर घ्यावें. गेलेला हात परत येत नाहीं. पण त्या हातावर चालणारें घर, खऱ्या व वेळेवर घेतलेल्या कागदाच्या बळावर, पुष्कळ अंशीं सांवरतां येतें.