काचेच्या पेटीतला समुद्र : वेळ किती लागतो?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गुहागर तालुक्यातील एका बागायतदारांनी मला घरी बोलाविले. मला वाटले, नारळावर सोंड्या भुंगा आला असेल. पण त्यांनी मला पडवीतली रिकामी भिंत दाखविली. त्यांच्याकडे शेती पाहायला, राहायला पाहुणे येतात. म्हणाले, "साहेब, इथं समुद्राची पेटी ठेवायचा विचार आहे. प्रवाळ, रंगीत मासे, सगळं. पोरानं मोबाईलवर पाहिलंय. पैशांचं बघू हो, पण रोज वेळ किती द्यावा लागेल?" नववीतला मुलगा मागे खांबाला टेकून उभा होता.

प्रश्न शहाणपणाचा होता. माणसे जनावर घेतानाही आधी किंमत विचारतात, शेण कोण काढणार ते मागून पाहतात. आणि योगायोग असा, की या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या फजितीतून शिकलो होतो.

2018 च्या डिसेंबरात आम्ही उभयता अमेरिकेत, न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत सुमारे 280 लिटरची प्रवाळांची पेटी आहे. तिकडे कोणी वाढविलेल्या प्रवाळांचे तुकडे दुकानात रीतसर विकत मिळतात, आणि हौशी माणसे ते आपसांतही देतात-घेतात, आपल्याकडे बायका जास्वंदीची फांदी देतात तसे. प्रवाळ हे झाडासारखे दिसले तरी तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते प्रकाशात अन्न तयार करते व त्यातला वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून दिवसाला आठ-दहा तास प्रखर दिवे लागतात. कठीण प्रवाळ पाण्यातला चुना ओढून आपला सांगाडा बांधते. म्हणून लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम कॅल्शियम राखावे लागते. आपण ठिबकमधून विद्राव्य खते सोडतो, तशी भाऊ थेंबाथेंबाने औषधे सोडतो आणि दर आठवड्याला नळीत पाणी घेऊन, रंग पाहून तपासतो.

भाऊ मुलाबाळांना घेऊन दहा दिवस फ्लोरिडाला निघाला. सौ.चा गुडघा दुखत होता, म्हणून आम्ही मागे राहिलो. जाताना तो म्हणाला, "दादा, पाणी आपोआप भरणारा पंप नेमका बिघडलाय. रोज सकाळी रेषेपर्यंत पाणी घाल. बाकी सगळं लिहून ठेवलंय." तळघरात दोन पिंपे होती. एकात गाळून शुद्ध केलेले गोडे पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेले. त्याने दोन्ही दाखविली होती. पण मी मनाशी म्हटले, समुद्राची पेटी आहे, तेव्हा खारेच पाणी घालायचे. कागद वाचायची तसदी घेतली नाही.

थंडीत तिकडे घरे तापवितात, हवा कोरडी होते, पेटीतून रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाते. सहा दिवस मी खारे पाणी घालीत राहिलो. सातव्या सकाळी पाहतो तो निम्मी प्रवाळे मिटलेली, आणि हरणाच्या शिंगासारखे एक होते त्याची टोके पांढरी पडलेली. तेव्हा कुठे कागद उघडला. द्राक्षाची गोडी पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर आपल्यापैकी अनेकांनी हाताळला आहे. तसाच मिठासाठीचा भावाकडे होता. लिटरला 35 ग्रॅम पाहिजे तेथे 38 दिसले. पाणी उडते, मीठ मागे राहते! सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या क्षारपड जमिनींवर मी कैक वर्षे शेतकऱ्यांना हेच वाक्य ऐकविले आहे. आणि स्वतः सहा दिवस मिठावर मीठ ओतले.

भावाला फोन केला. तो रागावला नाही. म्हणाला, "एकदम उतरवू नकोस. रोज सात-आठ लिटर पेटीतलं काढ, तेवढंच गोडं घाल." तीन दिवस तसे केले. बाकीची प्रवाळे हळूहळू उमलली. शिंगासारखे मात्र गेले. त्याने ते चार वर्षांपूर्वी बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढविले होते.

पुढचे दिवस मी वही घेऊन बसलो आणि भावाच्या कामाची नोंद केली. जुनी सवय. सकाळी पाणी भरणे, तापमान 25-26 अंश आहे ना ते पाहणे, पंपांचा आवाज ऐकणे, संध्याकाळी माशांना खाणे आणि एकेक प्राणी डोळ्यांखालून घालणे, यात रोज वीसेक मिनिटे गेली. काचेवर शेवाळ धरते, ते दोन-तीन दिवसांनी खरवडावे लागते. स्किमर नावाचे यंत्र बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसावर आणते. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, अगदी तसे. त्याचे भांडे आठवड्यातून दोनदा धुवावे लागते, आणि वास असा येतो की विचारू नका. रविवारी दहावा हिस्सा पाणी बदलायचे, त्यासाठी मीठ आदल्या दिवशी कालवून फिरते ठेवायचे, मग तपासण्या. महिन्याकाठी पंप सोडवून, त्यांवरचा चुना विरघळवून पुन्हा बसवायचे. सगळे धरून आठवड्याला पाच तास. वर्षाचे 260 तास, म्हणजे आठ तासांचे बत्तीस दिवस. मजुराच्या हिशेबात एका माणसाचा एक महिना.

यात सुरुवातीचा काळ धरलेला नाही. नव्या पेटीत पहिला महिना-दीड महिना मासा सोडायचाच नाही. युरियातले नत्र जमिनीत जिवाणूंमुळे अमोनियातून नायट्रेटपर्यंत पोहोचते हे आपणांस ठाऊक आहे. त्याच जातीचे काम करणारे जिवाणू पेटीत आधी वसावे लागतात, नाहीतर माशांच्याच अंगातून बाहेर पडणारा अमोनिया माशांना मारतो. नवा मासा आणला तर चार ते सहा आठवडे वेगळा ठेवायचा, विकत आणलेली म्हैस गोठ्यात लगेच बांधत नाही तसा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर येतो आणि सगळी पेटी रिकामी करतो. शिवाय तण! ऐपटेशिया नावाचा एक इवलासा समुद्री प्राणी खडकाच्या फटीत शिरतो. तो खुडला तर उरलेल्या कणांतून पुन्हा उगवतो. आपल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊ. माझा भाऊ दर महिन्याला सुई टोचून त्याला मारीत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, दुभत्या जनावराला याहून जास्त वेळ जातो. खरे आहे. पण गाय भुकेली झाली की हंबरते, आजारी पडली की रवंथ सोडते, गोठ्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्यालाही कळते. प्रवाळ आवाज करीत नाही. ज्याने काल पाहिले त्यालाच आजचा फरक दिसतो. म्हणून पाच तास रविवारी एकदम देऊन भागत नाही, आणि "आज गडी बघेल" असेही चालत नाही. पाहा ना, पदवीधर कृषी अधिकाऱ्याला ठेवून गेले तर काय झाले!

आपल्या गावांत आणखी दोन गोष्टी आहेत. वीज गेली की पंप थांबतात, पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो. रात्री दोनला वीज गेली तर दोनला उठावे लागते, किंवा बॅटरीवरचा हवापंप तयार ठेवावा लागतो. आणि उन्हाळा. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसेच राहिले तर प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ टाकून पांढरे पडते. खुल्या समुद्रातही हेच होत आहे. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र आले, त्याचे बिल आले.

बागायतदार म्हणाले, "समुद्र तर दाराशी आहे. पाणी आणता येईल." येईल. पण किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात खाडीचे गोडे पाणी मिसळून त्याची चव उतरते. चार महिने मीठ कालवणे सुटत नाही.

मग मी त्यांना कायदा सांगितला. कठीण प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. समुद्रातून ती काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे म्हणून कोणी गुपचूप आणून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. कोणाकडून, कोणत्या कागदावर आले हे स्पष्ट नसेल, तर हात लावू नये.

मुलाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊन मासा बंदिस्त जागेत पैदा करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसविले आहे. असे पैदाशीचे मासे आणि कृत्रिम खडक घेऊन प्रवाळाविना पेटी ठेवता येते. चुन्याच्या तपासण्या आणि प्रखर दिवे वाचतात. पाणी भरणे, पाहणे, बदलणे, मळी काढणे मात्र तसेच राहते.

शेवटी मी मुलाला एक काम दिले. एक बादली घे, तिला आतून रेघ मार, पडवीत ठेव. रोज सकाळी सात वाजता, शाळा असो वा सुट्टी, त्या रेघेपर्यंत पाणी भर आणि दिनदर्शिकेवर खूण कर. साठ दिवस. मग आपण पेटीचे बोलू.

परवा त्या बाजूला गेलो असता मुद्दाम डोकावलो. सव्वीस खुणा झाल्या होत्या. मधली दोन घरे मोकळी होती. आजोळी लग्न होते म्हणे. तिसऱ्या दिवशीची खूण मात्र निळ्या शाईऐवजी पेन्सिलीची होती. मी काही बोलण्याआधीच मुलाची आई म्हणाली, "ती माझी हो साहेब. तो तापानं पडला होता, पण मला उठवून भरायला लावलंन."