सुताची खळ आणि तिचा हिशेब

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत दोन पिकें पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं शेजारीं वाढत आलीं आहेत: कापूस आणि ज्वारी. एकानें अंग झांकावें व दुसरीनें पोट भरावें, अशी त्यांची वांटणी आपण मनाशीं करून ठेवलेली असते. परंतु या दोन पिकांची गांठ आणखी एके ठिकाणीं पडत आली आहे, आणि तें ठिकाण म्हणजे विणकराचा माग. कापसाचें सूत मागावर चढविण्यापूर्वीं त्याला धान्याच्या पिठाची खळ पाजावी लागते. कापड घेतांना आपण पोत पाहतों, रंग पाहतों, भाव पाहतों; खळीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं, कारण ती धुण्यांत निघून जाते. जी वस्तु शेवटीं कापडांत राहावयाचीच नाहीं, तिच्यावर खर्च कां करावयाचा आणि तो मोजावयाचा कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कापडांत दोन प्रकारचे धागे असतात. लांबीच्या दिशेनें जाणारा तो ताणा आणि आडवा जाणारा तो बाणा. बाण्याचें काम सोपें; तो धोट्यांतून सुटतो आणि आपल्या जागीं जाऊन बसतो. खरी कसोटी ताण्याची. त्याचा प्रत्येक धागा दोरीच्या किंवा तारेच्या डोळ्यांतून ओंवलेला असतो, पुढें तो फणीच्या दातांतून जातो, आणि प्रत्येक फेऱ्यास त्याला वर उठावें किंवा खालीं दबावें लागतें. दर इंचास साठ आडवे धागे असलेलें कापड घेतलें, तर एका मीटरला सुमारें २,३६० फेरे होतात. म्हणजे कापडांत स्थिर होण्यापूर्वीं ताण्याचा प्रत्येक भाग दोन हजारांच्या आसपास हिसके आणि घर्षणें सोसतो. सूत म्हणजे तरी काय? आखूड तंतूंना दिलेला पीळ. त्यांचीं टोकें लव होऊन बाहेर डोकावत असतात. शेजारच्या धाग्यांची लव एकमेकींत अडकते, तंतु सुटतात आणि धागा तुटतो. खळ आंत शिरून तंतूंना एकमेकांशीं बांधते आणि वरून पातळ कवच चढवून लव निजविते. कमी पडली तर धागा उसवतो; जास्त झाली तर तो काडीसारखा ताठ होऊन मोडतो. सारी विद्या या दोहोंच्या मधल्या प्रमाणांत आहे.

हातमागावर या कामाला पांजणी म्हणतात. ज्वारीचें, गव्हाचें किंवा तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून शिजवावयाचें, गाळून घ्यावयाचें, त्यांत थोडें तेल घालावयाचें. मग गल्लींत ताणा पसरून कुंच्यानें खळ लावीत जावयाचें. हें काम सकाळच्या मंद उन्हांत होतें, कारण खळ फार लवकर वाळली तर धागे एकमेकांस चिकटून बसतात. पावसाळ्यांत पांजणी अडते आणि तिच्याबरोबर माग अडतो. घरांतील बायकामुलें या कामांत राबतात, पण त्यांची मजुरी कोणत्याही वहींत चढत नाहीं. खळीच्या हिशेबांतील पहिली गळती ही अशी आहे.

यंत्रमागाचा इतिहासही या खळीशीं बांधलेला आहे. इंग्लंडांत एडमंड कार्टराइट यानें १७८५ सालीं यंत्रमागाचें पेटंट घेतलें, पण ताण्याला खळ देण्यासाठीं तो माग वरचेवर थांबवावा लागे. १८०३-०४ च्या सुमारास स्टॉकपोर्ट येथें विल्यम रॅडक्लिफ आणि त्याचा कारागीर थॉमस जॉन्सन यांनीं ताण्याला आधींच खळ देऊन वाळविणारें यंत्र तयार केलें, तेव्हां कोठें यंत्रमागाला वेग आला. आज इचलकरंजी, भिवंडी, मालेगांव या यंत्रमागाच्या गांवीं हें काम 'सायझिंग'च्या कारखान्यांत होतें. हजारों धागे एकदम खळीच्या हौदांतून जातात, दोन रुळांमध्यें पिळले जातात, वाफेनें तापलेल्या पिंपांवरून फिरून वाळतात आणि मागाच्या बीमवर गुंडाळले जातात.

आतां हिशेबाकडे वळूं. त्यांतील पहिली पायरी म्हणजे ताण्याचें वजन. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडांत ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आंकडा. चाळीस नंबरचें सूत एका किलोंत सुमारें ६७,७०० मीटर भरतें. तीन हजार धाग्यांचा एक हजार मीटर लांब ताणा घेतला, तर एकूण धागा तीस लाख मीटर, आणि वजन ४४.३ किलो. त्यावर कोरड्या वजनानें शेंकडा १२ खळ चढवावयाची ठरविली, तर ५.३ किलो माल लागेल.

यापुढील भाव केवळ उदाहरणासाठीं धरले आहेत. आपल्या गांवचे भाव घालून कोणीही हें गणित पुन्हां मांडावें. पिठाचा भाव किलोस ५० रुपये धरला, तर ५.३ किलोंचे २६५ रुपये. धागा मऊ राहावा म्हणून घालावयाचें तेल-मेण ३५ रुपयांचें. एकूण माल ३०० रुपये. पुष्कळांचा हिशेब येथेंच संपतो. वास्तविक तो येथें सुरू होतो.

कारण खळ कोरडी चढत नाहीं. ती पाण्याबरोबर चढते. शंभर किलो खळींत दहा किलो पीठ असेल, तर शेंकडा १२ माल चढण्यासाठीं सुतानें स्वतःच्या वजनाच्या शेंकडा १२० ओली खळ उचलली पाहिजे. म्हणजे ५३ किलो. त्यांतील सुमारें ४८ किलो पाणी. धाग्यांत राहावयाचा स्वाभाविक ओलावा चार किलो सोडला, तरी ४४ किलो पाणी वाफ करून उडवावें लागतें. किलोभर पाणी उडविण्यास दीड किलो वाफ, आणि पांच किलो वाफेस एक किलो कोळसा धरला, तर ६६ किलो वाफ व १३.२ किलो कोळसा लागतो. कोळसा दहा रुपये किलो धरल्यास जळणाचे १३२ रुपये झाले.

तिसरें कलम यंत्राच्या वेळेचें. मिनिटाला ५० मीटर या वेगानें हजार मीटरला वीस मिनिटें, आणि ताणा लावण्या-काढण्यांत दहा मिनिटें जातात. मजुरी, वीज, व्याज व झीज मिळून यंत्राचें एक मिनिट पंधरा रुपयांस पडतें असें मानलें, तर ४५० रुपये. हौदांत उरलेल्या, आंबून टाकून द्याव्या लागणाऱ्या खळीचे १५ रुपये. सर्व मिळून सुमारें ९०० रुपये, म्हणजे सुताच्या किलोमागें वीस रुपये आणि मीटरमागें नव्वद पैसे.

या बेरजेंत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, माल हा एकूण खर्चाचा केवळ तिसरा हिस्सा आहे. दुसरी, यंत्राचा वेळ मीटरवर चालतो आणि दर बहुधा किलोवर बोलला जातो. तितकेच धागे वीस नंबरचे असते, तर ताण्याचें वजन दुप्पट, ८८.६ किलो भरलें असतें, आणि यंत्राचा खर्च किलोमागें दहाऐवजीं पांच रुपये पडला असता. बारीक सुताचा दर चढा असतो तो कारखानदाराच्या लहरीमुळें नव्हे. त्यामागें हें साधें गणित आहे.

आतां काटकसरीचे दोन मार्ग पाहूं. पहिला मार्ग पाणी कमी करण्याचा. दाट असूनही ओघळती राहील अशी खळ वापरून शंभर किलोंत पंधरा किलो माल ठेवला व रूळ अधिक दाबानें पिळले, तर सूत शेंकडा ८० इतकीच ओली खळ उचलील. माल तोच, ५.३ किलो, पण उडवावयाचें पाणी ४४ ऐवजीं २६ किलो, आणि जळण १३२ ऐवजीं ७८ रुपयांचें. ५४ रुपये वांचले. अशा खळीसाठीं खास प्रक्रिया केलेला स्टार्च लागतो व तो थोडा महाग पडतो, तेवढें त्यांतून वजा करावें.

दुसरा मार्ग खळच कमी करण्याचा. बाराऐवजीं शेंकडा नऊ माल चढविला कीं १.३ किलो पीठ वांचतें. सुमारें ६६ रुपये. वहींत ही काटकसर पहिलीपेक्षां मोठी दिसते. पण आतां मागाजवळ जाऊन पाहा. मिनिटाला १६० फेरे मारणारा माग तासाला चार मीटर कापड विणतो. हा ताणा संपण्यास सुमारें २३० तास लागतात. खळ अपुरी पडल्यामुळें तासाला दोनच धागे अधिक तुटले व प्रत्येक जोडण्यास दीड मिनिट लागलें, असें धरूं. ४६० तुटी, ६९० मिनिटें, म्हणजे साडेअकरा तास माग उभा. ४६ मीटर कापड विणलेंच गेलें नाहीं. ज्या कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, त्याचे हे साडेअकरा तास फुकट गेले. शिवाय तो एकच माग सांभाळीत नसतो. एकाचा धागा जोडीपर्यंत दुसरा थांबतो. सहासष्ट रुपये एकाच्या वहींत जमा झाले, आणि नुकसान दुसऱ्याच्या हातावर पडलें.

याच्या उलट लबाडीही होऊन गेली आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळांत लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानांतला, सुरती या नांवानें ओळखला जाणारा, आखूड तंतूचा कापूस वापरणें भाग पडलें. तें कमजोर सूत विणतां यावें म्हणून खळ वाढली; आणि वजन वाढवितां येतें असें दिसतांच तींत चिनी माती आली. असें मातीनें जड केलेलें कापड पूर्वेकडील देशांत विकलें जाई. आपल्याच कापसाचें सूत आपल्याला मातीच्या भारासह परत मिळे. मातीची खळ ओलसर हवेशिवाय विणली जात नाहीं, म्हणून विणकामाच्या शाळा दमट ठेवीत, आणि तेथील कामगारांच्या छातीवर त्याचा परिणाम होई. अखेर १८८९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटला अशा कारखान्यांतील ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला.

गृहिणींना याची परीक्षा घरीं करतां येते. कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा तोलून, गरम पाण्यांत चांगला धुवून, पूर्ण वाळवून पुन्हां तोलावा. ताणा व बाणा सारख्या वजनाचे असले, तर ताण्यावरील शेंकडा १२ खळ साऱ्या कापडाच्या वजनांत शेंकडा पांच-सहा इतकीच भरते. याहून पुष्कळ अधिक घट आली, तर आपण पीठ कापडाच्या भावानें घेतलें असें समजावें. टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळा-काळा डाग उमटला, तर पिठाची खळ आहे. धुलाई व रंगाई झालेल्या कापडाला शेवटीं तजेल्यासाठीं दिलेली खळ निराळी. तिचा विणण्याशीं संबंध नाहीं.

ज्वारी-गव्हाच्या पिठाखेरीज आज मक्याचा स्टार्च, चिंचोक्याची पूड आणि मिश्र सुतासाठीं कृत्रिम द्रव्यें वापरतात. द्रव्य कोणतेंही असो, कापड धुतांना तें पाण्यांत उतरतेंच. पिठाची खळ नदींत गेली कीं कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाते, आणि मासे मरतात. तें पाणी शुद्ध करण्याचा खर्च हें हिशेबाचें शेवटचें कलम आहे, व तेंच बहुधा गळतें.

आतां पुन्हां परभणीकडे. मानवत, सेलू, परभणी येथील बाजारांतून सरकी काढलेली रुई गाठी बांधून बाहेर जाते, आणि विणकाम दूरच्या गांवीं होतें. तरी त्या विणकरानें खळीवर किती खर्चावें, हें बरेचसें येथल्या शेतांतच ठरतें. तंतु लांब व सारखा असेल, तर सुतावर लव कमी आणि खळही कमी. कवडी, पाला, काडी वेचणींतच निराळी काढली, तर सुतांत गांठी कमी. येथील कृषि विद्यापीठानें 'परभणी तुराब' या नांवाच्या, पीए २५५ ह्या देशी वाणांत लांब तंतु साधण्याचा यत्न केला, त्याचें मोल केवळ शेतकऱ्याच्या भावांत नाहीं; तें तुटणाऱ्या धाग्यांतही मोजलें पाहिजे.

म्हणून खळीचा हिशेब कारखान्याच्या दारांत मिटवूं नये. तो वेचणीपासून धरावा, मागापर्यंत न्यावा आणि नदीवर संपवावा. मध्येंच तोडलेल्या हिशेबांत जें कलम राहून जातें, तें नाहींसें होत नाहीं. तें अशा माणसाच्या नांवावर चढतें, ज्याला ती वही कधीं कोणी दाखविलेली नसते.