लॅपटॉप सुरू होताच रेंगाळतो, तेव्हा

शाळेतील लॅपटॉप सुरू केल्यावर पहिली दोन-चार मिनिटे तो रेंगाळतो. पडद्यावरील बाण हलतो, परंतु फाईल उघडत नाही. पुढे सर्व सुरळीत चालू लागते. यू-डायसची माहिती भरण्याची मुदत संपत आली असता हा विलंब असह्य होतो व बटण दाबून धरून यंत्र बंद करण्याचा मोह पडतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. निरवांगीसारख्या गावाहून दुरुस्तीसाठी इंदापूर किंवा बारामती गाठावी लागते. त्यात वेळ व शाळेचा पैसा खर्च होण्यापूर्वी दोष कोठे आहे, हे शिक्षकाने स्वतः पडताळून पाहणे इष्ट होय.

मंदपणाचे कारण

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटल्यावर एकाच चारीवरील सर्वांनी एकदम दारे उघडली, तर शेवटच्या शेतास पाणी उशिरा पोहोचते. लॅपटॉपचेही तसेच घडते. पडद्यावर चित्र दिसले म्हणजे यंत्राची सिद्धता पूर्ण झाली, असे नव्हे. त्याच वेळी विषाणुरोधक, सुधारणा उतरवून घेणारे व इतर अनेक कार्यक्रम एकाच साठवण-तबकडीकडे धाव घेतात. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क सामान्यतः मिनिटास ५४०० फेरे घेते. विखुरलेल्या ठिकाणांहून माहिती वाचताना तिला सेकंदास सामान्यतः शंभराहून कमीच वाचने साधतात. एसएसडी या नव्या साठवणीत फिरणारा भाग नसल्यामुळे ही अडचण फारशी जाणवत नाही.

पडताळणी

१. यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटे त्यास हात लावू नये. तेवढ्यात ते सुरळीत झाल्यास यंत्र बिघडलेले नसून सुरुवातीची गर्दी हेच कारण समजावे.

२. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चढून काही मिनिटांत उतरत असल्यास चारी अरुंद आहे. मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असल्यास स्मरणशक्ती अपुरी आहे. ४ जीबी स्मरणशक्तीच्या यंत्रांत हे वारंवार आढळते.

उपाय

टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप या भागात आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. ज्यांचा परिणाम ‘हाय’ दाखविला आहे व ज्यांची रोज गरज नाही, त्यांवर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ निवडावे. कार्यक्रम नष्ट होत नाही. केवळ बोलाविल्यावर येतो. विषाणुरोधक व ज्यांचे कार्य आपणांस ठाऊक नाही, त्यांना हात लावू नये.

दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास ‘शट डाऊन’ केल्यावर यंत्रणेचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती तबकडीवर जपून ठेवली जाते. त्यामुळे जुना गोंधळ दुसऱ्या दिवशीही कायम राहू शकतो. यास्तव आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. त्याने यंत्रणा सर्वस्वी नव्याने उभी राहते. यंत्र ‘वेगवान करून देतो’ म्हणणारी फुकट साधने मात्र उतरवून घेऊ नयेत. ती स्वतःच गर्दीत भर घालतात व कित्येकदा घातकही ठरतात.

एवढे करूनही विलंब राहिल्यास, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा सर्वांत परिणामकारक खर्च होय.

धोक्याची लक्षणे

अर्धा तास लोटला तरी डिस्क १०० टक्क्यांवरच राहणे, आतून टकटक आवाज येणे, पूर्वी उघडणाऱ्या फाईली न उघडणे, ही तबकडी निकामी होत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी वेग वाढविण्याच्या खटपटीत न पडता पटाच्या याद्या, निकालपत्रके व विद्यार्थ्यांच्या नोंदी प्रथम पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात व मगच यंत्र दुरुस्तीस द्यावे. बटण दाबून धरून वारंवार बंद केल्याने अर्धवट लिहिलेल्या फाईली बिघडतात, आणि पुढील वेळी यंत्र तबकडी तपासू लागल्यास विलंब अधिकच वाढतो.

यंत्र नवे घेता येते, दुरुस्तही होते. परंतु मुलांच्या वर्षभराच्या नोंदी गमावल्या तर त्या पुन्हा जशाच्या तशा उभ्या करणे दुष्कर असते. म्हणून नोंदींची दुसरी प्रत दर आठवड्यास काढून ठेवण्याचा परिपाठ प्रत्येक शाळेने अवश्य ठेवावा.