हेल्पडेस्कवरची पोरगी पुढे कशी जाईल?



गेल्या महिन्यात मोहाडी तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बचत जमा झाली, हप्ते झाले, मग कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईंनी चाळीस हजार मागितले. बियाण्याला नाही, दवाखान्याला नाही, तर नागपूरला नोकरीत असलेल्या लेकीच्या कम्प्युटर क्लासला. सचिवताईंनी विचारलं, "पोरगी तर दोन वर्षांपासून कम्प्युटरच्याच नोकरीत आहे न बाई, मग आता अजून कसला क्लास?" ताईंना सांगता येईना. त्या एवढंच म्हणाल्या की पगार जिथल्या तिथे आहे, घरचे म्हणतात परत ये, स्थळ आलं आहे, आणि पोरगी म्हणते क्लास केला तर पुढची जागा मिळेल.

सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर आम्हालाही सांगता आलं नाही. आम्ही बी. ए. झालेल्या, गटांची माहिती संगणकात भरतो, त्यापुढे आमची धाव नाही. मग ती पोरगी सुट्टीवर आली तेव्हा तिच्याशी बोललो, तिच्यासारख्या आणखी तिघींना भेटलो, मुलाखती घेणाऱ्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारलं. त्यातून जे समजलं ते आज सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरी आयटीआयचा 'कोपा' म्हणजे संगणक चालवण्याचा एक वर्षाचा कोर्स करून किंवा पदवी घेऊन अशाच नोकरीला लागतात, म्हणून हे घराघरात माहीत असलेलं बरं.

आधी ती काम काय करते ते समजून घेऊ. मोठ्या बँकेत, दवाखान्यात, कंपनीत शेकडो संगणक असतात. एखादा अडला की तिथला माणूस फोन करतो, आणि तो फोन आपली पोरगी उचलते. पासवर्ड विसरला, प्रिंटर चालत नाही, ईमेल उघडत नाही, नेट गेलं. ती आपल्या जागेवर बसूनच समोरच्याचा पडदा पाहू शकते. प्रत्येक तक्रारीला एक नंबर पडतो, त्याला 'तिकीट' म्हणतात. आपला दवाखान्यातला केसपेपरच समजा. ते तिकीट किती वेळात मिटलं पाहिजे हे ठरलेलं असतं. तिच्याने झालं नाही तर तिने ते वर पाठवायचं.

ही वरची माणसं कोण? आपल्या आरोग्य खात्यासारखंच आहे. गावात आशाताई, पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, आणि फारच अडलं तर भंडाऱ्याचं सामान्य रुग्णालय. तिकडे या पायऱ्यांना 'एल वन', 'एल टू', 'एल थ्री' म्हणतात. एल वन म्हणजे फोन घेणारी. एल टूवाले बिघाड शोधून दुरुस्त करतात. एल थ्रीवाले नेटवर्क आणि सर्व्हर म्हणजे मुख्य संगणक सांभाळतात, आणि ते बांधतातही. पगाराची खरी उडी एल वनवरून एल टूवर जाताना लागते, आणि बऱ्याच पोरी नेमक्या त्याच उंबरठ्यावर अडकतात.

अडकतात त्या कमी हुशार असतात म्हणून नाही. घरी बाप म्हणतो, "दोन वर्षांत पगार वाढला नाही म्हणजे पोरगीच कमी पडते." तसं नाही. त्या खुर्चीचं मोजमापच असं असतं की दिवसाला किती फोन घेतले आणि किती लवकर संपवले. जी हे चांगलं करते तिला तिथून हलवायला कोणाला घाई नसते. आपल्याकडेही तेच होतं. एखादी सचिव अक्षर सुंदर काढते, हिशेब चोख ठेवते, तर आपण तिला दहा वर्षं तिथेच बसवतो. प्रभागसंघावर जायची वेळ आली की म्हणतो, मग आमचं प्रोसिडिंग कोण लिहील? (हे आम्हीही केलं आहे, कबूल करतो.)

आणि बसून राहणंही आता सुरक्षित नाही. पासवर्ड बदलायला पूर्वी फोन लागायचा, आता बऱ्याच ठिकाणी माणूस स्वतःच मोबाइलवरून बदलतो. सोप्या प्रश्नांची उत्तरं यंत्र देतं. म्हणजे एल वनचं सोपं काम आटत चाललं आहे. पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झाले की आपण रोवणीला काढतो, जास्त दिवस ठेवले तर पुढे फुटवे कमी येतात. तसंच हे. त्या खुर्चीत वर्ष-दीड वर्ष शिकण्यासारखं असतं, नंतर नुसतं राहणं होतं.

मग पुढे जायचं कसं? आम्हाला वाटलं होतं सर्टिफिकेट मिळालं की झालं. मुलाखती घेणारे अधिकारी म्हणाले, तसं नाही, आम्ही आधी विचारतो की तू स्वतः कोणता बिघाड शोधलास. यावर आमच्या पोरीनेच एक गोष्ट सांगितली, ती ऐका.

एका सोमवारी सकाळी एकाच कार्यालयातून पाठोपाठ फोन आले, नेट चालत नाही. शेजारच्या मुलींनी "वायर काढून परत लावा" सांगितलं आणि तिकिटं वर ढकलली. हिने मात्र तीन-चार संगणकांचे पत्ते पाहिले. नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाला एक आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे पत्ते एक यंत्र वाटतं, दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या वाटतात तसं. चिठ्ठी मिळाली नाही तर विंडोजचा संगणक स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतो, आणि तो नेहमी १६९.२५४ ने सुरू होतो. हिला सगळीकडे तेच आकडे दिसले. म्हणजे वायर ठीक, संगणक ठीक, चिठ्ठ्याच मिळत नाहीत. तिने तिकिटात तेवढंच लिहिलं : इतके संगणक, एकच मजला, सगळ्यांचे पत्ते १६९.२५४ चे, वायर तपासली. एल टूच्या माणसाने पाहिलं तर वाटायचे पत्ते संपले होते. त्या मजल्यावर नवे संगणक आणि लोकांचे मोबाइल जोडले गेले होते. काही मिनिटांत काम झालं, आणि त्याने विचारलं की हे तिकीट लिहिलं कोणी?

आशाताई बाईला नुसतं "दवाखान्यात जा" म्हणून पाठवते, की "सातवा महिना, पायावर सूज, बीपी एवढा" अशी चिठ्ठी देते, यात जो फरक आहे तोच हा. वरच्या माणसाचा वेळ वाचवणारी पोरगी वरच्यांच्या लक्षात राहते.

म्हणून तिने एक वही ठेवावी. तक्रार काय होती, आपण काय पाहिलं, खरं कारण काय निघालं, उपाय काय झाला. वर पाठवलेलं तिकीट विसरायचं नाही, ते कसं मिटलं हे दुसऱ्या दिवशी उघडून वाचायचं. मात्र वहीत कोणाचं नाव, पासवर्ड, खात्याचा नंबर उतरवायचा नाही. गटाच्या बैठकीतलं आपण बाहेर बोलत नाही, तसं. अशा शंभर नोंदी झाल्या की मुलाखतीत घाबरायचं कारण उरत नाही. तिथे हमखास विचारतात, "एका संगणकावर नेट नाही, काय पाहशील?" उत्तर क्रमाने आलं पाहिजे. आधी वायर आणि दिवा, मग पत्ता मिळाला का, मग बाहेर जायच्या दारापर्यंत म्हणजे गेटवेपर्यंत निरोप पोचतो का, आणि शेवटी वेबसाइटच्या नावाचा पत्ता सापडतो का. पाठ केलेली पोरगी दुसऱ्या प्रश्नाला अडखळते, वहीवाली अडखळत नाही.

यानंतर रस्ता निवडायचा, आणि एकच. कोणी नेटवर्क घेते, कोणी सर्व्हर आणि लिनक्स, कोणी क्लाउड, म्हणजे दुसरीकडे ठेवलेले भाड्याचे संगणक सांभाळणं. जिला माणसं सांभाळणं जमतं ती टीमची प्रमुख होऊ शकते. त्या बाजूला 'आयटिल' नावाची पद्धत विचारतात, ती १९८० च्या दशकात ब्रिटनच्या सरकारने आपल्या कार्यालयांसाठी तयार करायला घेतली होती. कोणता रस्ता, हे क्लासवाल्याला विचारू नका. नागपूर-पुण्याच्या वीस जाहिराती वाचायच्या आणि कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं. हे काम तर दहावी शिकलेली आईसुद्धा लेकीसोबत बसून करू शकते.

आता चाळीस हजारांचं बोलू. त्या क्लासच्या कागदावर 'नोकरीची शंभर टक्के हमी' छापलं होतं. आमच्याच भागातल्या एका घराने अशा हमीवर पैसे भरले होते. हाती एक रंगीत कागद आला आणि नोकरी काही आली नाही. हमी दिसली की सावध व्हा. आणि नोकरी लावून देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे टाका, असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. चांगल्या कंपन्या नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

शिकायला फुकट बरंच आहे. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात लिनक्ससारख्या विषयांचे छोटे-छोटे धडे आहेत आणि अनेक धडे मराठी आवाजात आहेत. केंद्र सरकारचं 'स्वयम्' २०१७ पासून आहे, त्यावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे संगणकाचे कोर्स फुकट ऐकता येतात. नेटवर्कचा सराव करायला सिस्को कंपनीचं 'पॅकेट ट्रेसर' फुकट मिळतं, त्यात यंत्रं विकत न घेता पडद्यावरच जाळं मांडता येतं, बिघडवता येतं, दुरुस्त करता येतं. बऱ्याच जाहिरातींत पदवी मागतात, आणि आयटीआयवाल्या पोरी तिथे मागे पडतात. त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ मध्ये सुरू झालं, नोकरी न सोडता तिथे शिकता येतं.

पैसा लागतो तो परीक्षेला. नेटवर्कच्या 'सीसीएनए' परीक्षेची फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयात पंचवीस हजारांच्या पुढे. ते सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग नव्याने करावं लागतं. त्यामुळे घाईने परीक्षा देऊन नापास होण्यात मोठं नुकसान आहे. सरावाच्या परीक्षेत सतत चांगले गुण पडायला लागले की मगच फी भरायची.

दुसरी बैठक दीड तास चालली. एक ताई म्हणाल्या, चाळीस हजारांत तर शेळ्या येतात, त्या दुसऱ्या वर्षी दिसतात तरी. शेवटी ठरलं ते असं. क्लासला कर्ज नाही. जुना पण चांगला लॅपटॉप घ्यायला वीस हजार द्यायचे, कारण मोबाइलवर हा सराव होत नाही. पोरीने आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला पाहून घ्यायचा, त्याखालचा नको. परीक्षेच्या फीचं कर्ज नंतर, तयारी झाल्यावर. आमच्या मते निर्णय बरोबर झाला, पण आधी आम्हीच चाळीस हजारांना हो म्हणायला निघालो होतो, हेही सांगायला हवं.

घरच्यांनी काय करायचं, तर जास्त काही नाही. ती सुट्टीवर आली की दिवसभर रोवणीला न्या, पण संध्याकाळचे दोन तास तिला सोडा. चूल दुसरं कोणी पाहील. रात्रपाळीची काळजी असेल तर कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. गाडी येते का, हे आईने विचारलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पोरीला सांगा, नव्या जागेचं पत्र हातात पडल्याशिवाय जुनी नोकरी सोडायची नाही, निघताना अनुभवाचा दाखला घ्यायचा. पीएफचा 'यूएएन' नंबर सांभाळायचा, नोकरी बदलली तरी तोच चालतो. कंपनीने पीएफ कापला पण भरला का, हे त्या नंबरावरून मोबाइलवर दिसतं.

बाहेर अर्ज करण्याआधी आपल्याच कंपनीत विचारावं. अनेक कंपन्यांत वरच्या जागा आधी आतल्या लोकांना दाखवतात. पण विचारल्याशिवाय कोणी बोलावत नाही. आमच्या पोरीने त्या एल टूच्या माणसाला विचारलं, शनिवारी माझी पाळी संपल्यावर तासभर तुमच्याजवळ बसू का? तो हो म्हणाला. तिला वाटत होतं इंग्रजी कच्चं म्हणून हसतील. तिथे गेल्यावर कळलं की त्याचंही तेवढंच आहे, तो फक्त मुद्द्याचं बोलतो.

लॅपटॉपचे दोन हप्ते वेळेवर आले आहेत. वहीत परवापर्यंत ६४ नोंदी होत्या. स्थळवाल्यांना ताईंनी दिवाळीनंतर बोलू म्हणून कळवलं आहे, घरी त्यावर अजून कुरबुर आहे. कंपनीत एल टूची एक जागा निघाली, तिचा अर्ज पोरीने भरला. पाठवण्याआधी तिने तो आईच्या मोबाइलवर टाकला होता. सचिवताईंनी चष्मा लावून तो वाचला, प्रत्येक इंग्रजी शब्दाचा अर्थ फोन करून विचारला आणि म्हणाल्या, "त्या सोमवारच्या १६९ च्या गोष्टीचं यात लिहिलं नाहीस, ते आधी लिही."