दोन पाळ्यांमधील रक्तस्राव : दुखणे अंगावर काढू नये

स्त्रियांच्या दुखण्यांविषयी घरात मोकळेपणाने बोलण्याची रीत आपल्याकडे अद्याप पुरेशी रुळलेली नाही. पाळी येऊन गेल्यावर मधल्याच दिवसांत पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तर 'उष्णता झाली असेल' असे म्हणून अनेक स्त्रिया गप्प बसतात. या मौनाची किंमत कधी कधी फार मोठी असते.

सर्वसाधारणपणे पाळी २४ ते ३८ दिवसांच्या अंतराने येते व स्राव ८ दिवसांपर्यंत टिकतो. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास काहींना एखादा दिवस किंचित डाग दिसतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो. तांबी बसविल्यावर किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही महिने असे घडू शकते. तथापि गोळ्या परस्पर बंद न करता आरोग्यसेविकेचा सल्ला घ्यावा.

याखेरीज गर्भाशयातील गाठी, गर्भाशयमुखावरील कोंब, जंतुसंसर्ग, थायरॉइडचा विकार अशीही कारणे संभवतात. पाळी चुकलेली असता रक्तस्राव होऊन ओटीपोटात तीव्र वेदना होत असतील अथवा भोवळ येत असेल, तर गर्भ नलिकेत राहिल्याचा संभव असतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकतो. पाळी जाऊन १२ महिने उलटल्यावर एकदाच डाग दिसला, तरीही तपासणी आवश्यक होय.

रक्तस्रावाची तारीख, त्याचे प्रमाण आणि चालू असलेली औषधे यांची नोंद दिनदर्शिकेवर ठेवावी. निदानास तिचा मोठा उपयोग होतो. डॉक्टर गर्भधारणेची व रक्ताची चाचणी, गर्भाशयमुखाची पाहणी आणि गरजेनुसार सोनोग्राफी करतात. कारण सापडले की उपचार त्यानुसार ठरतो. वारंवार रक्त गेल्याने पंडुरोग जडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हे येथे ध्यानात घ्यावे.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी दर ५ वर्षांनी व्हावयाची आहे. काहीही त्रास नसला तरी या तपासणीचा लाभ घ्यावा. शिक्षिका, अंगणवाडी सेविका व महिला मंडळांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अनेक संसार वेळीच सावरतील.