टीशख
आयर्लंड प्रजासत्ताकाच्या शासनप्रमुखाचे अधिकृत पदनाम. हा आयरिश (गेलिक) भाषेतील शब्द असून त्याचा मूळ अर्थ नायक वा प्रमुख असा आहे. इतर देशांत या पदाला पंतप्रधान म्हणतात. तथापि आयर्लंडच्या संविधानाने इंग्रजी संहितेतही मूळ आयरिश शब्दच कायम ठेवला आहे. राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्रप्रमुख असून त्याची निवड जनता प्रत्यक्ष मतदानाने करते, तर टीशख हा कार्यकारी सत्तेचा प्रमुख असून त्याची सत्ता सर्वस्वी ‘डॉइल’ या कनिष्ठ सभागृहाच्या विश्वासावर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आल्यावर शासनप्रमुखास ‘कार्यकारी परिषदेचा अध्यक्ष’ असे नाव मिळाले. हे पद विल्यम कॉसग्रेव्ह (१९२२–३२) व ईमन डी व्हॅलेरा (१९३२–३७) यांनी भूषविले. या अध्यक्षाचे अधिकार मर्यादित होते. एखादा मंत्री नकोसा झाल्यास त्याला एकट्याला काढून टाकता येत नसे. संपूर्ण परिषद विसर्जित करून ती नव्याने बनवावी लागे. सभागृहाच्या विसर्जनाचा सल्लाही तो एकट्याने देऊ शकत नसे. तो परिषदेचा अधिकार होता. डी व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने तयार झालेले नवे संविधान १ जुलै १९३७ रोजी जनमताने संमत झाले आणि २९ डिसेंबर १९३७ पासून अंमलात आले. त्याने टीशख हे पद निर्माण केले व वरील दोन्ही उणिवा दूर केल्या. पहिले टीशख अर्थातच डी व्हॅलेरा हे होत.

नियुक्ती व अधिकार : डॉइलने नामनिर्देशित केलेल्या सदस्याची राष्ट्राध्यक्ष टीशख म्हणून नेमणूक करतो. यात राष्ट्राध्यक्षाला निवडीचे स्वातंत्र्य नसते. मंत्रिमंडळात कमीत कमी सात व जास्तीत जास्त पंधरा सदस्य असतात. टीशख, उपप्रमुख (टॉनिश्ते) आणि अर्थमंत्री हे डॉइलचेच सदस्य असावे लागतात. मंत्र्यांची नावे टीशख सुचवितो व डॉइल त्यांना संमती देते. टीशख मंत्र्याला राजीनामा देण्यास सांगू शकतो. त्याने तो न दिल्यास टीशखच्या सल्ल्याने राष्ट्राध्यक्ष त्याला पदमुक्त करतो. मे १९७० मध्ये शस्त्रास्त्रांच्या चोरट्या आयातीचे प्रकरण उद्भवले, तेव्हा टीशख जॅक लिंच यांनी याच अधिकारान्वये चार्ल्स हॉही व नील ब्लेनी या दोन वजनदार मंत्र्यांना दूर केले. शानड या साठ सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहातील अकरा सदस्य टीशख नामनिर्देशित करतो. भारतात राज्यसभेवर बारा सदस्यांची नियुक्ती राष्ट्रपतीच्या नावाने होते. आयर्लंडमध्ये मात्र तो अधिकार संविधानाने थेट शासनप्रमुखाकडे दिला आहे.

विश्वासाची मर्यादा : डॉइलमधील बहुमताचा पाठिंबा गमावल्यास टीशखने राजीनामा दिला पाहिजे किंवा विसर्जनाची मागणी केली पाहिजे. मात्र बहुमत गमावलेल्या टीशखला विसर्जन नाकारण्याचा पूर्ण स्वेच्छाधिकार राष्ट्राध्यक्षास आहे. २७ जानेवारी १९८२ रोजी गॅरेट फिट्सजेरल्ड यांच्या सरकारचा अर्थसंकल्पावर पराभव झाला. मुलांच्या पादत्राणांवरील प्रस्तावित कर हे त्याचे एक कारण होते. विसर्जन नाकारावे, यासाठी विरोधी पक्षाकडून राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला. परंतु हिलरी यांनी विसर्जन मंजूर केले. आजवर असा नकार प्रत्यक्षात कधीच दिला गेलेला नाही. १९९४ मध्ये ॲल्बर्ट रेनल्ड्स यांनी मित्रपक्ष दुरावल्यावर राजीनामा दिला आणि निवडणूक न होताच जॉन ब्रूटन टीशख झाले. कोणत्याही एका पक्षास बहुमत मिळणे दुर्मिळ झाल्याने २०२० मध्ये हे पद पाळीपाळीने वाटून घेण्याचा करार झाला. त्यानुसार प्रथम मिहॉल मार्टिन आणि डिसेंबर २०२२ पासून लिओ वराडकर टीशख झाले. एप्रिल २०२४ मध्ये सायमन हॅरिस व जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा मार्टिन या पदावर आले. वराडकर यांनी २०१७–२० या काळातही हे पद भूषविले होते. त्यांचे वडील मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वराड (ता. मालवण) या गावचे. टीशख या नात्याने पदावर असतानाच डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर यांनी या गावास भेट दिली.

कार्यालय व निवास : टीशखचे कार्यालय डब्लिनमधील अपर मेरिअन स्ट्रीटवरील शासकीय इमारतीत आहे. मूळ विज्ञान महाविद्यालयासाठी बांधलेल्या या वास्तूची कोनशिला १९०४ मध्ये सातव्या एडवर्डने बसविली व तिचे उद्‌घाटन १९११ मध्ये पाचव्या जॉर्जने केले. विधिमंडळाचे लिन्स्टर हाउस तिला लागूनच आहे.

टीशखला परंपरेने अधिकृत निवासस्थान नाही. ब्रिटिश अमदानीतील बड्या अधिकाऱ्यांची निवासस्थाने डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये होती. त्यांपैकी व्हाइसरॉयचा प्रासाद १९३८ पासून राष्ट्राध्यक्षाकडे आहे, तर मुख्य सचिवाचे घर अमेरिकेच्या राजप्रतिनिधीला मिळाले. या उद्यानात टीशखसाठी निवासस्थान व अतिथिगृह बांधण्याची योजना निघून १९७९ मध्ये वास्तुस्पर्धाही झाली. पण बांधकाम झाले नाही. त्यामुळे बहुतेक टीशख आपापल्या खाजगी घरांतच राहत आले. हॉही यांचे किन्सीली येथील प्रासादतुल्य घर व त्यांचा खर्चिक थाट हा सार्वजनिक चर्चेचा विषय होता. त्यांनी एका व्यापाऱ्याकडून मोठ्या रकमा घेतल्याचे १९९७ मधील न्यायिक चौकशीत निष्पन्न झाले. शासनप्रमुखाच्या राहणीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ सोयीचा राहिला नाही. १९९९ मध्ये शासनाने फिनिक्स पार्कलगतची गिनेस घराण्याची सु. ३२ हेक्टरांची फार्मली मालमत्ता राजकीय पाहुण्यांसाठी खरेदी केली. तिच्या आवारातील ‘स्ट्युअर्ड्‌स लॉज’ हे छोटेसे घर पुढे दुरुस्त करून टीशखच्या वापरासाठी ठेवण्यात आले. तेथे राहणे बंधनकारक नाही. समारंभाचे वैभव राष्ट्राध्यक्षाकडे व शासनाची जबाबदारी टीशखकडे, ही संविधानातील विभागणी या निवासव्यवस्थेतही दिसून येते.