कारागिरांची एक दिवसाची सहल : मुळशी-ताम्हिणीला निघण्यापूर्वीचा हिशेब

पावसाळा लागला की पुण्यातील कॅम्प, कोंढवा, मोमिनपुरा, कासेवाडी या भागांतील कारखान्यांत, शिलाईच्या दुकानांत आणि गॅरेजांत एकच मागणी सुरू होते. "शेठ, एक दिवस धबधब्यावर जाऊ या." मालक चार आठवडे हो-नाही करतो आणि मग एखाद्या शनिवारी रात्री अचानक "चला, उद्या निघू" असे ठरते. माल पोहोचविणारा टेम्पो दाराशी उभाच असतो. देग, शेगडी आणि पोरे त्यात चढतात आणि गाडी पौड रस्त्याला लागते. जो व्यापारी शंभर रुपयांचा माल उधार देताना दहा वेळा विचार करतो, तो पंधरा माणसांचा जीव टेम्पोत घालताना एकदाही विचार करीत नाही. ही गोष्ट आमच्या मते ठीक नाही.

वर्षभर मान मोडून काम करणाऱ्या माणसाला एक दिवस मोकळी हवा मिळावी, हे योग्यच आहे. परंतु सहल हेही एक काम आहे. मोठी ऑर्डर घेताना आपण तारीख, खर्च, माणसे आणि जोखीम पाहतो, तशीच सहलही पाहिली पाहिजे. पुण्याहून जवळच्या मुळशी-ताम्हिणीचे उदाहरण घेऊन हा हिशेब येथे मांडीत आहोत.

जागा कशी आहे?

चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट मार्गे पौड लागते. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. ग्रामीण रुग्णालय आणि पोलीस ठाणे येथेच आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे मुळशी धरणाचा जलाशय लागतो आणि त्याच्या काठाकाठाने रस्ता ताम्हिणी घाटाकडे जातो. घाट उतरला की रायगड जिल्हा व माणगाव. शहरातून ताम्हिणीपर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे १२५ ते १४० किलोमीटर होतात.

हे धरण टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधले. त्यात जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. लढा अपयशी ठरला आणि गावे पाण्याखाली गेली. आजही हे पाणी डोंगराखालून कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे नेले जाते. म्हणजे हा पोहण्याचा तलाव नव्हे. काठ निसरडे व खोल आहेत आणि जलाशयात उतरणे धोक्याचे आहे.

घाटाच्या बाजूचे जंगल २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यामुळे तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. अभयारण्यात विस्तव पेटविणे आणि कचरा टाकणे, दोन्ही गुन्हे आहेत. ओढ्याकाठी तीन दगड मांडून देग चढविण्याची आपली जुनी सवय येथे चालणार नाही. आत जाण्यासाठी वनखात्याची परवानगी व प्रवेश शुल्क कोठे लागते, हे आधी विचारून घ्यावे.

दिवस कोणता निवडावा?

शनिवार-रविवारी भूगाव आणि पिरंगुट येथेच गाड्या तासन् तास अडकतात आणि धबधब्यांवर पाय ठेवण्यास जागा नसते. पुण्यातील अनेक बाजार सोमवारी बंद असतात. ज्यांची सुट्टी सोमवारी आहे, त्यांनी तिचा फायदा घ्यावा. त्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो आणि गाडीच्या भाड्यातही घासाघीस करता येते. शुक्रवार टाळावा, कारण पंधरा माणसांची जुमा वाटेत चुकण्याचा संभव असतो.

महिना निवडताना आमची शिफारस जुलैची नाही, सप्टेंबरच्या उत्तरार्धाची आहे. पावसाचा जोर ओसरलेला असतो, डोंगर हिरवे असतात, धबधबे वाहत असतात आणि शिलाईवाल्यांची दिवाळीची घाई अजून शिगेला पोहोचलेली नसते. २ ऑक्टोबरचाही विचार करता येईल.

जुलै का टाळावा, याचा एकच आकडा पुरे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात सबंध वर्षात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. असा पाऊस कोसळतो तेव्हा दरडी येतात आणि घाट बंद होतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहावा. पुणे जिल्ह्याच्या घाटभागासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर शहरात ऊन पडलेले असले तरी सहल पुढे ढकलावी. पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतात, तेही पाहून घ्यावेत.

गाडी : येथे कंजूषी नको

मालवाहू टेम्पोत माणसे बसविणे कायद्याने मना आहे. परंतु दंड ही त्यातील लहान बाब. खरा घाटा अपघात झाल्यास होतो. मालवाहू गाडीत फुकट बसून जाणाऱ्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे उद्या काही झाले तर सगळा भार गाडीमालकावर, म्हणजे बहुधा आपल्यावरच, येतो. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने घेण्यातही हाच धोका आहे. पिवळ्या नंबरप्लेटची परवानाधारक गाडीच घ्यावी. परवाना, फिटनेस व विम्याची मुदत स्वतः पाहावी आणि आसनांपेक्षा एकही माणूस जास्त बसवू नये.

ड्रायव्हर घाटाचा माहितगार असावा. २० डिसेंबर २०२४ रोजी ताम्हिणी घाटात लग्नाचे वऱ्हाड घेऊन जाणारी बस वळणावर उलटली आणि ५ जण दगावले. तेव्हा पावसाळाही नव्हता.

भाडे ठरविताना "किमान किलोमीटर" हा शब्द ध्यानात ठेवावा. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक गाडीवाले दिवसाला २५० ते ३०० किलोमीटरचे पैसे धरतात. आपले होतात १४०. म्हणून किलोमीटरने न ठरविता पूर्ण दिवसाचे एकरकमी भाडे ठरवावे. ड्रायव्हरचा भत्ता व पार्किंग त्यात धरले आहे का, हे विचारावे. आगाऊ रक्कम देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी : हवामान खात्याचा इशारा आल्यास अथवा घाट बंद झाल्यास पैसे न कापता दुसरी तारीख मिळेल. ही ओळ नसली की आगाऊ रक्कम बुडेल या भीतीने माणसे वादळातही निघतात. एवढ्या पैशांपायी जीव धोक्यात घालणे हा कोणत्याच अर्थाने शहाणपणाचा सौदा नाही.

खर्च आणि मजुरी

केवळ समजण्यासाठी १६ माणसांचा हिशेब मांडू. गाडीचे भाडे ८,००० रुपये. जेवण माणशी २०० प्रमाणे ३,२००. नाश्ता व चहा माणशी ६० प्रमाणे ९६०. अडीअडचणीसाठी राखीव १,५००. एकूण १३,६६० रुपये, म्हणजे माणशी सुमारे ८५५. आकडे गावोगाव व हंगामाप्रमाणे बदलतील, पण रीत हीच राहील. दहा महिने दरमहा १,४०० रुपये बाजूला ठेवले, तर ऐन वेळी गल्ल्यात हात घालावा लागत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न त्या दिवसाच्या मजुरीचा आहे. पगारी कामगाराचे ठीक आहे, परंतु पीसवर काम करणाऱ्या कारागिराचा दिवस गेला की कमाई गेली. कामाचा दिवस बंद ठेवून त्याला सहलीला नेले आणि मजुरी दिली नाही, तर ती सहल त्याच्याच खिशातून झाली. अशा कारागिराला मागील महिन्याच्या सरासरीने एका दिवसाची मजुरी द्यावी. ती ईदच्या बक्षिसातून वळती करू नये. मजुराचा हक्क वेळेवर देण्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपण सर्व जाणतो.

कायद्यात ठरविलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार ज्यांच्याकडे आहेत, त्यांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. साप्ताहिक सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे. शिवाय २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार सणांच्या सुट्ट्या भरपगारी आहेत. अशा सुट्टीच्या दिवशी सहल काढली, तर येणे न येणे कामगाराच्या खुशीवर सोडावे. एखाद्याला तो दिवस आपल्या बायकामुलांत घालवावयाचा असेल, तर त्याच्यावर नाराजी धरू नये.

कामगारांसाठी केलेला हा खर्च धंद्याच्या वहीत लिहिता येतो. पावत्या जपाव्यात. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम बँकेमार्फत द्यावी. बाकी सल्ला आपल्या कर सल्लागाराकडून घ्यावा.

जेवण आणि नमाज

अभयारण्यात विस्तव पेटविता येत नाही, तेव्हा दोनच मार्ग उरतात. एक, घरून शिजवून नेणे. पहाटे दम दिलेली बिर्याणी झाकणात कोंडून दुपारी दोनपर्यंत ठेवली तर दमट हवेत ती बिघडू शकते. गरम राखणारे डबे नसतील तर रोटी, सुके मटण किंवा सुके चिकन न्यावे, आणि दही-कोशिंबीर वेगळ्या डब्यात ठेवावी. दुसरा मार्ग, वाटेतील गावात एखाद्या घरी किंवा खानावळीत पिठले-भाकरी, भाजी व भात आधी सांगून ठेवणे. हलालची चिंता राहत नाही आणि चार पैसे गावात राहतात. मुळशी खोरे आंबेमोहर तांदळासाठी नावाजलेले आहे. चांगला तांदूळ मिळाला तर घरासाठी पाच किलो घेऊन यावा.

नमाजसाठी दोन मोठ्या चटया आणि वुजूपुरते पाण्याचे कॅन गाडीतच ठेवावेत. वुजूसाठी कोणालाही ओढ्यात उतरू देऊ नये. किब्ला येथून पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे आहे. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून साधे होकायंत्र जवळ असावे. अनेकजण कस्रबद्दल विचारतात. आपल्याकडील हनफी उलेमा त्यासाठी साधारण ७७-७८ किलोमीटरचे अंतर धरतात आणि ताम्हिणी त्याहून जवळ आहे. तेव्हा नमाज पूर्ण पढावी लागेल. शंका असल्यास आपल्या इमामसाहेबांना विचारावे.

वेळेची आखणी अशी करता येईल. फजरनंतर साडेसहापर्यंत निघावे आणि आठच्या सुमारास पौडला चहा-नाश्ता घ्यावा. नऊ-साडेनऊपर्यंत जलाशयाच्या काठाचा रस्ता पाहून अकराला ताम्हिणीला पोहोचावे. दीड वाजता जोहर व जेवण उरकावे. चारला परतीला लागावे, असर वाटेत पढावी आणि मगरिबपर्यंत घर गाठावे. अंधारात व धुक्यात घाटात राहू नये.

पाणी : सर्वांत मोठी जोखीम

३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. त्यांत ४ मुले होती. ते आपल्याच समाजातील होते. त्याच सुमारास ताम्हिणीच्या प्लस व्हॅलीत कुंडात उडी घेतलेला एक जण वाहून गेला. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशी, मावळसह अनेक तालुक्यांत बंदीचे आदेश काढले.

डोंगरातील पाण्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपण उभे असतो तेथे पाऊस नसतो, पण वर कड्यावर जोरात पडतो आणि काही मिनिटांत घोट्याएवढे पाणी कमरेला लागते. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहू लागली किंवा आवाज वाढला, की त्या क्षणी बाहेर पडावे. प्रवाहाच्या मधल्या खडकावर कधीही उभे राहू नये, कारण परतीची वाट पाण्याखाली जाते. "मला गंगेत पोहण्याची सवय आहे" असे म्हणणाऱ्या कारागिरालाही रोखावे. मैदानातील नदी आणि दगडी कुंडातील भोवरा यांत फार फरक आहे.

आणखी एक गोष्ट मालकांच्या ध्यानात येत नाही. आपले अनेक कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे आहेत. धोक्याचे फलक बहुधा मराठीत असतात आणि ते त्यांना वाचता येत नाहीत. निघण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून त्यांना समजेल त्या भाषेत नियम सांगणे, हे मालकाचे काम आहे.

सफरीत तीन माणसे असली तरी त्यांतील एकाला अमीर करावे, अशी प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. येथेही एक अमीर नेमावा. तो मालकच असावा असे नाही. ज्याचे सर्व ऐकतात असा उस्ताद कारागीर उत्तम. गाडीत चढताना आणि उतरताना त्याने माणसे मोजावी, आणि "आता बाहेर" म्हटले की शेठनेही बाहेर यावे. सर्वांची नावे व घरचे फोन लिहिलेला एक कागद त्याच्याजवळ आणि एक दुकानात असावा. मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत, पण रेंज नसेल तर गाडी पौडच्या दिशेने काढावी.

तवक्कलचा अर्थ तयारी न करणे असा नाही. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच आपली शिकवण आहे. व्यापारी आणि कारखानदार बांधवांनी यंदाच्या सहलीची तारीख, गाडी, मजुरी आणि अमीर या चार गोष्टी आजच वहीच्या एका पानावर लिहून काढाव्यात. ते पान भरले नसेल, तर गाडी काढू नये.